झिरेपाड्याचे एक्क्याण्णव टक्के

१

झिरेपाड्यातून एकवीस लाख अडतीस हजार पाचशे लिटर पाणी चोरीला गेलं होतं आणि चोरही सापडला होता. चोराकडे एक सायकल आणि दोन कळश्या होत्या.

सायकल आणि कळश्यांचा उल्लेख कारणे दाखवा नोटिशीत नव्हता. नोटिशीत एवढंच होतं की, गावाची पन्नास हजार लिटरची उंच टाकी ३१ मार्चपासून सलग सत्तेचाळीस दिवस एक्क्याण्णव टक्के भरलेली आहे. तरीही एकाही नळाला थेंबभर पाणी येत नाही. सबब व्हॉल्व्हमन देवराम भोये रोजच्या रोज टाकी परस्पर रिकामी करून पाणी नजीकच्या रिसॉर्टला विकतात, असं मानायला जागा आहे. रोजचे साडेपंचेचाळीस हजार लिटर गुणिले सत्तेचाळीस. गुणाकार बिनचूक होता. अशा कागदांवर गुणाकार नेहमी बिनचूकच असतो.

टाकी भरलेली असल्यामुळे गावाचा टँकर बंद करण्यात आला होता. भरल्या टाकीच्या गावाला टँकर कोण देणार?

सोमवारी सुनावणी होती. त्यानंतर देवरामची नोकरी जाणार होती आणि कागद पोलीस ठाण्यात. चौकशी समिती तीन जणांची. अध्यक्ष म्हणजे पाणी योजनेचे उपअभियंता कुंदन देसले. नोटीसही त्यांनीच काढलेली, त्यामुळे प्रकरणाची माहिती त्यांना होतीच. दुसरे सदस्य त्यांचेच लिपिक, ते रजेवर होते. तिसरा सदस्य बाहेरचा आणि तांत्रिक असावा असा नियम आहे, म्हणून लताबाई पगारे.

लताबाईंनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन नाशिकरोडला घरी बसल्या. गुडघे गेलेले, चष्मा जाड. तांत्रिक सदस्याने काय करायचं असतं हे देसले साहेबांनी त्यांना फोनवर सांगितलं होतं. सही करायची असते.

लताबाईंना मात्र एक खोड होती आणि ती साहेबांना कुणी सांगितली नव्हती. त्या सही करण्याआधी वाचत.

२

"मॅडम, केस सरळ आहे," देसले साहेब म्हणाले. बोलता बोलता ते सह्या करत होते. शिपाई गठ्ठ्यातलं एकेक पान उलटत होता. साहेबांची नजर लताबाईंवर आणि हात पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात. हाताला रस्ता पाठ होता.

त्यांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत प्रशस्तिपत्र होतं. 'शून्य लाल उपविभाग. ३१ मार्चअखेर डॅशबोर्डवर एकही टाकी लाल नसल्याबद्दल.' शेजारी साहेबांचा शाल पांघरलेला फोटो.

"टाकी कुणी बघितली?" लताबाईंनी विचारलं.

"मी रोज बघतो. डॅशबोर्डवर."

"वर चढून म्हणतेय मी."

"मॅडम," साहेब लहान मुलाला समजावावं तसं हसले, "वर चढावं लागू नये म्हणून तर सेन्सर बसवलाय."

डॅशबोर्ड सांभाळायला कंत्राटावर घेतलेली पल्लवी बाजूच्या खोलीत बसायची. तिने पडद्यावर झिरेपाड्याचा आलेख उघडला. जानेवारीत रेषा पायऱ्यांसारखी होती. रात्री चढायची, सकाळी नळ सुटले की उतरायची. फेब्रुवारीच्या मध्यापासून रेषाच नव्हती. नुसता लाल पट्टा आणि त्यावर दोन शब्द, 'मोजमाप नाही'. मग ३१ मार्चला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी रेषा परत उगवली, थेट एक्क्याण्णववर. तिथून आजपर्यंत ती इतकी सरळ गेली होती की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते.

"देवराम रोज टाकी रिकामी करतो ना?" लताबाईंनी मागे येऊन उभ्या राहिलेल्या साहेबांना विचारलं. "मग रेषा खाली का येत नाही?"

"लगेच परत भरत असेल."

"चोरतो आणि परत भरून ठेवतो?"

"ही माणसं हुशार असतात, मॅडम. तुम्ही शहरात राहता, तुम्हाला कल्पना नाही."

लताबाईंचे कान तापले. त्यांना रागाने मोठ्याने बोलायची सवय नव्हती. राग आला की त्या वही काढत. त्यांनी वही काढली आणि लिहिलं, 'चार वाजून दहा मिनिटं.'

त्या जिन्यापर्यंत पोचल्या तेव्हा पल्लवी धापा टाकत मागे आली. रिकामी पाण्याची बाटली हातात होती, निमित्ताला.

"बाई, नोटिशीत फक्त झिरेपाडा आहे. पण अजून सहा गावं आहेत." तिने आवाज खाली आणला. "सगळ्यांची रेषा अशीच. सगळी एक्क्याण्णव. नव्वद नाही की ब्याण्णव नाही."

३

पेठ रस्त्याने सावळघाट ओलांडला की मोबाईलची रेंज जाते आणि योजनांचे फलक सुरू होतात. झिरेपाड्याच्या फलकावर नळ होता, नळाखाली हसणारी बाई होती आणि बाईच्या तोंडावर कुणीतरी शेण मारलं होतं.

देवरामने खाट अंगणात ओढली. दुसऱ्या खाटेवर त्याची बायको तानुबाई पडून होती. उजवा पाय कमरेपासून प्लास्टरमध्ये.

"काय झालं?"

"झिऱ्यात पडले," तानुबाई म्हणाली. नदीच्या कोरड्या पात्रात खणलेल्या खड्ड्याला इथे झिरा म्हणतात. तळाशी पाणी पाझरतं, ते वाटीने गोळा करायचं. "मांडीचं हाड गेलं. कळशी नाय गेली, कळशी चांगली हाय."

एकवीस लाख लिटर पाणी चोरणाऱ्या माणसाची बायको वाटीभर पाण्यासाठी खड्ड्यात पडते, हे लताबाईंनी वहीत लिहिलं नाही.

"बाई, मी चार अर्ज केलं," देवराम म्हणाला. पोच मिळालेल्या चारही प्रती त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या होत्या. "हिर आटली, टाकी कोरडी हाय म्हनून. साहेब म्हनं, तुझी टाकी एक्क्याण्णव हाय. मी म्हनलं, असंल साहेब, पन नळाला येत नाय. तर म्हनं, मंग तूच इकतोस."

"वर चढून का नाही बघितलं?"

"शिडीला कुलूप हाय. किल्ली टाकी बांधनाऱ्या शेठकडं. पाच वरसं ग्यारंटी."

"तोडायचं की कुलूप."

देवरामने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की लताबाई वरमल्या. "मंग टाकी फोडली म्हनून आनिक एक केस," तो म्हणाला.

नोटिशीतलं रिसॉर्ट टेकडीच्या पलीकडे होतं. लताबाई तिथेही जाऊन आल्या. पोहण्याच्या तलावात निळ्या फरशीवर दोन शेळ्या सावलीला बसल्या होत्या. रखवालदार म्हणाला, फेब्रुवारीपासून बंद आहे, पाणीच नाही. चोरीचा माल घेणाऱ्याकडे मालाचा थेंब नव्हता.

परत आल्यावर तानुबाईने देवरामला काळा चहा करायला लावला. अर्धा कप. उरलेल्या अर्ध्याची माफी ना तिने मागितली, ना लताबाईंना तिची अपेक्षा होती.

"उद्‌घाटनाला आमी लय नाचलो," तानुबाई म्हणाली. "त्या शेठनं पूजा केली, नारळ दावला, आन् फोडलाच नाय. परसाद नाय, काय नाय. पोरं हात पुढं करून उभी. मी तवाच म्हनलं, हे काम धड होनार नाय."

"गप गं," देवराम म्हणाला. "बाईंना नारळाचं काय सांगतीस?"

लताबाईंना खरंच नारळाशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या घरी तो फक्त चटणीसाठी फुटायचा. तरी त्यांनी वहीत लिहिलं, 'नारळ फोडला नाही.' आणि खाली रेघ मारली.

४

रविराजशेठचं ऑफिस गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. वातानुकूलित. भिंतीवर त्यांनी बांधलेल्या सतरा टाक्यांचे सतरा फोटो, सगळ्या टाक्या एका साच्यातल्या.

"ताई, सतरापैकी एकही गळत नाही," शेठ म्हणाले.

"रिकामी टाकी गळत नाहीच."

शेठ हसले. विनोद कुणावर आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते हसायचे थांबले. "पाण्याचं माझ्याकडे नाही हं, ताई. माझ्याकडे फक्त टाकी."

"नारळ का नाही फोडलात?"

"नारळ?" शेठना हा प्रश्न अपेक्षित नव्हता, पण आवडला. "पहिल्या टाकीला फोडला होता. महिन्यात तडा गेला तिला. तेव्हापासून फोडायचा नाही. लाल कापडात अखंड बांधायचा. दोरीसुद्धा मोजून घेतो मी, प्रत्येक टाकीला तेवढीच. मापात असलं की काम मापात होतं."

"कुठे बांधता?"

तेवढ्यात शेठचा फोन वाजला. फोन संपेपर्यंत प्रश्न शिळा झाला होता आणि शेठ घड्याळ बघत होते. लताबाईंनी शिडीची किल्ली मागितली.

"सापडत नाहीये. सुनावणीनंतर बघू."

"सोमवारी समिती जागेवरच बसणार आहे, टाकीखाली," लताबाई म्हणाल्या. हे समितीला अजून माहीत नव्हतं. "व्हॉल्व्ह देवरामकडे आहे म्हणून तो चोर. वरचं झाकण आणि शिडी तुमच्याकडे आहे. किल्ली आली नाही तर मला नोटिशीत दुसरं नाव घालावं लागेल. पंप लावून वरून पाणी उपसायला काय लागतं?"

शेठच्या कपाळावर वातानुकूलित हवेतही घाम आला. ड्रॉवरमधून सतरा किल्ल्यांचा जुडगा निघाला. एकाही किल्लीवर गावाचं नाव नव्हतं.

५

सेन्सर बसवणारा मनोज अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत कामाला होता. तो चहाच्या टपरीवर भेटला, कारण कंपनीत बोलणं बरं नव्हे असं त्यालाच वाटलं.

"हे मशीन टाकीच्या छताला असतं, मॅडम. आवाज सोडतं, आपल्याला ऐकू येत नाही असा. तो खाली आपटून परत येतो. किती वेळ लागला त्यावरून अंतर..."

"एकतीस वर्षं मी राखेच्या कोठ्यांवर हेच केलं, बाळा. अंतर नको सांगूस. थ्रेशोल्ड सांग."

मनोजचा कप ओठाशी थांबला.

परत येणाऱ्या आवाजात खरं-खोटं सगळंच येतं. पाण्यावरून येतो तो ठणठणीत असतो. पाईप, शिडीची पायरी, कोळ्याचं जाळं यांच्यावरून येतो तो कुजबुजल्यासारखा. म्हणून यंत्राला एक रेघ आखून द्यायची. रेघेच्या वरचा जो आवाज पहिला परत येईल तो मानायचा, खालचा सोडून द्यायचा. रेघेच्या वर काहीच आलं नाही तर यंत्राने मुकाट 'मोजमाप नाही' म्हणायचं. त्या रेघेला थ्रेशोल्ड म्हणतात. ती नीट आखणं हीच या धंद्यातली अक्कल. बाकी सगळं स्क्रू पिळणं.

"किती ठेवला होतास?"

"चाळीस. टाकी भरून, अर्धी करून, दोन्ही वेळा तपासून लावला होता, मॅडम. पाण्याचा सिग्नल सत्तरच्या पुढे यायचा. जानेवारीत एक रीडिंग चुकलं नाही."

"मग विहीर आटली."

"कोरड्या टाकीचा तळ उतरता, त्यात गाळ. आवाज तिरका जातो. बावीस-तेवीस यायचा परत. चाळीसच्या खाली. म्हणून लाल."

"म्हणजे मशीन बरोबर बोलत होतं."

"एकदम बरोबर."

"आणि ३१ मार्चला किती केलास?"

मनोज खाली बघत म्हणाला, "पाच."

लताबाईंनी कप बाकड्यावर ठेवला. हळूच ठेवला, तरी चहा सांडला. "पाचवर तर मशीन स्वतःचा खोकलासुद्धा पाणी म्हणून मोजेल."

"सात टाक्या लाल होत्या. सकाळी फोन आला, आज संध्याकाळपर्यंत एकही लाल दिसता कामा नये. झिरेपाड्याला पोचायला चार वाजले. खालच्या डब्यातून सेटिंग बदललं, एक्क्याण्णव आलं, हिरवं झालं, निघालो. वर काय आहे ते बघितलंच नाही, मॅडम. मला वाटलं पाणी आलं असेल. म्हणजे... वाटून घेतलं."

"फोन कुणाचा?"

"लेखी काही नाही माझ्याकडे. नाव घेतलं तर कंपनीचं काम जाईल, माझं त्याआधी."

लताबाई उठल्या. चार पावलं गेल्या आणि वळल्या. वीज केंद्रात त्यांनी अशी कामं शेकडो वेळा केली होती, आणि एक कागद भरल्याशिवाय फाटकाबाहेर पडता येत नसे.

"मनोज, सर्व्हिस रिपोर्ट भरलास ना?"

मनोजने वर बघितलं. तो कागद इतक्या दिवसांत त्याला आठवलाच नव्हता.

६

सोमवारी समिती टाकीखाली बसली. देसले साहेबांनी खुर्ची आणली होती. रविराजशेठ आणि मनोजलाही लताबाईंनी बोलावून घेतलं होतं. टाकीच्या पायांच्या सावलीत गाव उभं होतं. तानुबाईची खाट चार जणांनी उचलून आणली, तिचाच हट्ट.

"मॅडम, शिडी चढणं कार्यपद्धतीत नाही," साहेब म्हणाले. "डॅशबोर्ड अंतिम मानावा असं परिपत्रक आहे."

"असेल."

शेठच्या जुडग्यातली बारावी किल्ली लागली. लताबाईंनी पदर खोचला आणि चढायला सुरुवात केली. साठीची बाई, दुखरे गुडघे, उन्हाने तापलेलं लोखंड. प्रत्येक पायरीला त्या खाली न बघता एक शिवी पुटपुटत होत्या. एकलहऱ्यात नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवत, यंत्र 'माहीत नाही' म्हणालं की तुम्ही वर चढायचं. यंत्राला 'माहीत आहे' म्हणायला लावायचं नाही. एकतीस वर्षं त्या चढल्या होत्या. ज्यांनी चढायचं ते खाली खुर्चीत बसले होते.

वर पोचल्यावर त्यांनी झाकण उघडलं. आतून ओल्या वासाऐवजी तापलेल्या सिमेंटची झळ आली. त्यांनी बॅटरी लावली.

खाली सगळे मान वर करून उभे होते.

"बाई," देवराम ओरडला. त्याचा आवाज फाटला. "पानी हाय का?"

लताबाईंचं डोकं झाकणातून बाहेर आलं.

"रविराजशेठ," त्या म्हणाल्या, "हा नारळ तुमचा का?"

७

तो झाकणाच्या चौकटीतल्या आकड्याला टांगलेला होता. लाल कापडात गुंडाळलेला, शेंडीसकट, मोजून घेतलेल्या दोरीवर. शेजारी हातभर अंतरावर सेन्सर. लताबाईंनी सेन्सरच्या पातळीपासून नारळापर्यंत हाताने माप घेतलं. दीड वीत. चार मीटर खोल टाकीत वरून दीड वीत म्हणजे किती टक्के, हा हिशेब चौथीचं पोरही करेल. नऊ. शंभरातून नऊ गेले.

त्याखाली साडेतीन मीटर हवा होती आणि तळाशी वाळून भेगा पडलेला गाळ.

गावाच्या या टेकाडावर रेंज दोनच दांड्यांची, पण पुरली. लताबाईंनी नाशिकला पल्लवीला फोन लावून आवाज मोठा केला. खाली मनोज डब्यापाशी उभा राहिला.

"पल्लवी, आत्ता किती?"

"एक्क्याण्णव."

लताबाईंनी दोरी ओढून नारळ बाहेर काढला. "आता?"

"थांबा बाई, पडदा बदलतोय..." गाव श्वास रोखून उभं. "शून्य. बाई, शून्य टक्के!"

नारळ परत आत गेला.

"एक्क्याण्णव!"

"मनोज, नारळ आतच आहे. थ्रेशोल्ड चाळीस कर."

"लाल," पल्लवी म्हणाली. "मोजमाप नाही."

गावाला यातलं किती कळलं कोण जाणे, पण नारळ पाणी म्हणून मोजला जात होता एवढं कळलं, आणि ते पुरेसं होतं. कुणीतरी हसलं. ते हसणं ऐकायला बरं नव्हतं.

देसले साहेब मात्र सावरले. अनुभव असतो. "म्हणजे नारळ दोषी," ते म्हणाले. "तसं नोंदवू. यापुढे टाक्यांत नारळ बांधू नये असं परिपत्रक काढतो. शेठ, तुम्हाला समज द्यावी लागेल."

"चालेल," शेठ घाईने म्हणाले.

लताबाई नारळ काखेत घेऊन उतरल्या. शेवटच्या पायरीवर त्यांनी दम खाल्ला.

"नारळ जानेवारीपासून आहे, साहेब. जानेवारीत रेषा पायऱ्यांसारखी चढत-उतरत होती, कारण नारळाचा आवाज कुजबुजण्याएवढा होता आणि रेघ चाळीसवर होती. मशीनने त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. नंतर टाकी कोरडी पडली, तेव्हा ते 'मोजमाप नाही' म्हणालं. तेव्हाही नारळ तिथेच होता. तीन महिने एक निर्जीव डबा एका निर्जीव नारळाला फसला नाही. मग ३१ मार्चला चार वाजून दहा मिनिटांनी काय बदललं? नारळ तर हलला नाही."

"तंत्रज्ञाने परस्पर सेटिंग बदललं असेल."

मनोजचं लक्ष तानुबाईच्या पायाकडे गेलं होतं. प्लास्टरवर कुणा पोराने कोळशाने फूल काढलं होतं. तो पाठीवरच्या पिशवीत हात घालून काहीतरी शोधू लागला.

"परस्पर नाही, साहेब," तो म्हणाला. "तुमचा फोन आला होता."

"पुरावा आहे?"

"आम्हाला प्रत्येक भेटीचा रिपोर्ट भरून ग्राहकाची सही घ्यावी लागते. नाहीतर कंपनी हजेरी लावत नाही. एक एप्रिलला ऑफिसला आलो होतो. तुम्ही कुणाशी तरी बोलत होतात." त्याने सात पिवळे कागद काढले. लताबाईंनी पहिला घेतला आणि मोठ्याने वाचला.

"'उपअभियंता देसले साहेब यांच्या तोंडी सूचनेवरून थ्रेशोल्ड चाळीसवरून पाच केला. यामुळे टाकी रिकामी असतानाही चुकीचं रीडिंग येऊ शकतं, याची ग्राहकास कल्पना दिली आहे.'"

खालच्या उजव्या कोपऱ्यात सही होती. सातही कागदांवर.

साहेबांनी कागद जवळ धरला, लांब धरला. "मी हे वाचलं नव्हतं," ते म्हणाले.

"नसणारच," लताबाई म्हणाल्या. "वाचलं असतंत तर सही केली नसतीत."

८

तरीही साहेबांनी एक प्रयत्न केला. तांत्रिक बिघाड म्हणू, देवरामला कामावर ठेवू, फक्त त्याला लेखी समज देऊ, म्हणजे फाईल नीट बंद होईल.

"समज कशाची?" लताबाईंनी विचारलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या कामाच्या जागी ओरडल्या. "चार अर्ज दिले त्याने! टाकी कोरडी आहे, टाकी कोरडी आहे, टाकी कोरडी आहे, टाकी कोरडी आहे! त्या डब्यालासुद्धा 'मला माहीत नाही' म्हणायची अक्कल कंपनीने घालून दिली होती. तुम्ही तीही काढून घेतलीत, कारण तुम्हाला भिंतीवर कागद लावायचा होता. आणि वर हिशेब केलात! एकवीस लाख अडतीस हजार पाचशे! न पडलेल्या पाण्याचा लिटरपर्यंत हिशेब!"

फोन अजून चालू होता. नाशिकच्या ऑफिसात पल्लवीच्या मागे कितीजण जमले होते ते नंतर कळलं.

अहवाल लताबाईंनी तिथेच, तानुबाईच्या खाटेच्या कडेला बसून लिहिला. चार वाक्यांचा. 'पाणी चोरीला गेलेलं नाही. पाणी नव्हतं. हे यंत्र सांगत होतं आणि देवराम भोयेही सांगत होते. दोघांचंही तोंड एकाच माणसाने बंद केलं, सोबत त्याच्या सात सह्या जोडल्या आहेत.' खाली सही केली आणि कागद देसले साहेबांपुढे ठेवला. गाव खुर्चीभोवती इतकं जवळ सरकलं होतं की साहेबांना पेन काढायला कोपर हलवता येईना. त्यांनी कागद वरून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. मग सही केली.

नोटीस रद्द झाल्याचं देवरामला दोनदा सांगावं लागलं. त्याने चार अर्जांची पिशवी घडी करून सदऱ्यात ठेवली. फेकली नाही.

मनोजने उरलेल्या सहा टाक्यांचे थ्रेशोल्ड संध्याकाळच्या आत चाळीसवर आणायचं कबूल केलं आणि मोटारसायकल काढली. झिरेपाडा लाल झालाच होता. लाल गावाला चोवीस तासांत टँकर द्यायचा नियम आहे, तो पल्लवीने फोनवर नंबरासकट वाचून दाखवला. टँकर उद्या सकाळी आठला.

"तो नारळ आना हिकडं," तानुबाई खाटेवरून म्हणाली.

लताबाईंनी दिला. तिने कापड सोडलं, शेंडी उपटली, कानाशी धरून हलवला. मग देवरामला म्हणाली, फोड. देवरामने तो टाकीच्या पायावर आपटला. पहिल्याच फटक्यात दोन भकलं झाली. पाणी निघालं नाही. आत सुकून काळपट पडलेलं खोबरं होतं.

"ह्याच्यातबी नाय," तानुबाई म्हणाली.

तिने खोबरं नखाएवढ्या तुकड्यांत मोडलं. पोरांनी हात पुढे केले. मग म्हाताऱ्यांनी. लताबाईंनीही केला. सगळ्यात शेवटी, गाडीकडे जायला निघालेल्या देसले साहेबांना तिने हाक मारली. साहेब थांबले. सगळं गाव बघत होतं. त्यांचा हात सवयीने पुढे आला.

तानुबाईने त्यावर एक काळपट तुकडा ठेवला.

"खावा, साहेब," ती म्हणाली. "एक्क्याण्णव टक्के पानी हाय त्यात."